समुद्र चार बोटं हटला

सांगितलं तरी तुला पटायचं नाही, आस्सुन्ता. मला न्यायला आलीस ना, मग ती पिशवी खाली ठेव आणि ऐक. समुद्राला माघार घेताना पाहिलंय मी, याच धक्क्यावर!

गेल्या वर्षी ही गल्ली भरलेली होती. मग घरं हादरू लागली, भिंतींना तडे गेले, लोक गाठोडी बांधू लागले. तेवढ्यात एक जोगी उगवला, फ्रा एगिदियो. झग्याची टोपी हनुवटीपर्यंत ओढलेली. पायरीवर पाण्यालगत तांबडी रेघ मारून गरजला, "हट, खाऱ्या! महिन्यात चार बोटं मागे!"

महिन्यानं पाणी रेघेच्या चार बोटं खाली! पायरीवरचे शिंपले वाळून पांढरे. बायकांनी त्याचे हात चुंबले, पण त्यानं दमडीही घेतली नाही. समुद्र ज्याला भितो, त्याच्या गावाला कसली भीती? गाठोडी सुटली.

एकट्या फिलोमेना मास्तरीणबाई म्हणाल्या, "महाराज, समुद्र पलीकडच्या भूशिरापाशीही हटला असेल की. चला, बघू."

दहाजण होडीत बसले. भूशिरापाशी पाणी जुन्याच खुणेवर, शिंपले ओलेचिंब.

"समुद्र जागच्या जागी आहे," बाई म्हणाल्या. "वर येतंय ते आपलं गाव. भट्टीतला पिझ्झा फुगतो ना, तसा खालून ज्वालामुखीचा रेटा आहे."

"महाराज, आता जमिनीला खाली बस म्हणा की!" कुणीतरी ओरडलं. महाराजांना खोकल्याची उबळ आली.

आठवड्यात गल्ली रिकामी. त्यानंतर तिसऱ्या दिवशी समोरच्या घराचं छत कोसळलं. खाली कुणी नव्हतं, बाईंची कृपा.

"पण काका, त्या जोग्यानं फुकटात हे का केलं?"

अगं, सगळे गेले तर संध्याकाळी पत्ते कुणाशी कुटायचे? चूलही एका माणसासाठी पेटवावीशी वाटत नाही. पण जमीन कुणाचा हुकूम ऐकत नाही, पोरी. तडा दिसला की मोजावा, पिशवी दाराशी ठेवावी, जमायची जागा पाठ असावी. जोग्याची करामत एवढीच, की रोज पहाटे धक्क्यावर चिटपाखरूही नसताना तो सुतळी सोडून पाणी मोजायचा. महिन्याला किती उतरतं ते आधी पाठ, हुकूम नंतर.

"चिटपाखरूही नव्हतं?"

एकसुद्धा नाही!

"मग तुम्ही कुठून पाहिलंत, चिरोकाका?"