बंकटची जपानी हाळी

मी कॅसेट बोलतेय, आणि तीही जपानी. हसायचं असेल तर आधी हसून घ्या. तलवाड्याच्या शिवारात सगळे हसले, तुम्हीच कशाला मागं राहता? मराठी मी इथल्या मेंढरांमागं हिंडून शिकले, त्यामुळं तोंड जरा फाटकं आहे. गोड बोलायचं काम माझ्यातल्या गाण्यांचं होतं, माझं नव्हे.

माझा पहिला मालक तिकडं एका बंदराच्या गावात पोकलेन चालवायचा. दुकानातून त्यानं मला कोरी आणली आणि त्याच्या तरुणपणातली, म्हणजे ऐंशीच्या दशकातली गाणी एकेक करून माझ्यात भरली. सगळी एकाच जातीची. शाळेचा शेवटचा दिवस, समुद्राकाठची सायकल, स्टेशनात हात हलवणारी पोरगी, सरत आलेला उन्हाळा. गाणाऱ्या पोरी कोवळ्या आणि ऐकणारा हा टक्कल पडलेला बाप्या! जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद करून मला लावायचा आणि डबा मांडीवर ठेवून डोळे पुसायचा. तरुणपणी यानं कसला समुद्र नि कसली पोरगी बघितली होती? तेव्हाही खड्डेच खणत होता. पण रडायचा मात्र अगदी मनापासून.

पुढं तो थकला आणि मशीन विकून टाकलं. तिकडची जुनी मशिनं जहाजातून इकडं येतात. मी आत केबिनमधल्या टेपमध्येच होते. मला काढून घ्यायची त्याला आठवणही झाली नाही. एवढा रडायचा माझ्यापायी, आणि बघा!

ते पोकलेन तलवाड्याच्या अलीकडं पाझर तलावाच्या कामावर आलं. त्यावर सत्यम नावाचा ड्रायव्हर होता. त्यानं सहज बटण दाबलं, मी गायला लागले, आणि तो केवढ्यानं तरी दचकला.

"आयला, हे काय मांजर कोकलायलंय बे!" असं म्हणून त्यानं मला खिडकीतून भिरकावलं. मी पडले ती बंकटच्या मेंढरांत.

बंकट म्हणजे मेंढपाळ. जन्म माळावर गेलेला. त्याच्या गळ्यात गाठ झाली होती, तिचं ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. गळ्याला भोक राहिलं, श्वास तेवढा तिथून चालायचा. बोलणं संपलं, शीळसुद्धा संपली. तुम्हाला वाटेल, मेंढरं काठीनं चालतात. अहो, काठी वाट चुकलेल्या एखाद्या मेंढीला. अख्खा कळप चालतो तो धन्याच्या हाळीवर, आणि दुसऱ्या कुणाच्या हाळीला तो कान हलवत नाही. बंकटची बायको चतुराबाई घसा फुटेस्तोवर ओरडायची, मेंढरं ढुंकून बघायची नाहीत. घरात मोबाईल असून ऑपरेशनच्या आधी बंकटची हाळी भरून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. पोरगा अंगद त्याच मोबाईलवर पुढाऱ्यांची भाषणं साठवत बसायचा.

कळप फुटायला लागला. याच्या हरभऱ्यात, त्याच्या उसात. रोज कुणीतरी दारात येऊन शिव्या घालून जायचं. अंगदनं तेव्हाच विषय काढला होता, "इकून टाका आबा. मांजरसुंब्याला ढाब्यात भागी मिळायलीय मला. मेंढक्याचं पोरगं म्हणून किती दिस ऱ्हाऊ?" बंकट नुसती नकाराची मान हलवायचा. मेंढरं गेली तर आपण कोण, हे त्याला कळत नव्हतं. वीतभर ज्वारीचा तुकडा सोडला तर त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतंच.

मला उचलून त्यानं घरी नेलं आणि लग्नातल्या जुन्या टेपमध्ये घातलं. मग रोज दिवस कलायच्या आत मेंढरांच्या वाड्यापाशी मला लावायचं आणि मक्याचा भरडा टाकायचा. पहिल्या गाण्याला मेंढरं बुजली. मग बघत राहिली. मग चालत आली. महिना सरला नाही तोवर भरडा नसतानाही माझ्या आवाजावर पळत यायला लागली. पट्ट्यानं टेप खांद्याला अडकवून बंकट पुढं आणि सगळा कळप मागं. लोकांनी गाडी थांबवून व्हिडिओ काढले. चतुराबाई म्हणायची, "आमच्या मालकाला नवा गळा फुटलाय, त्यो बी परदेशी!" बंकट आवाज न करता हसायचा. त्या हसण्यापुरती मला ही सगळी माणसं आवडली, खोटं कशाला बोलू?

गाण्यांचा अर्थ मात्र मला एकटीलाच कळायचा. 'पळत ये, आपलं कोवळं वय थांबणार नाही' असं गाणं चाललेलं आणि समोर कोकरं उड्या मारतायत. नर कोकरू जरा भरलं की बाजारात जातं. त्याला कसला आलाय सरता उन्हाळा! माझ्या जुन्या मालकानं इथं एकदा येऊन बसायला हवं होतं, डोळे आपोआप कोरडे झाले असते.

मग सिरसाळ्याकडचा व्यापारी रामहरी मेंढरं बघून गेला. सौदा अंगदनं परस्पर ठरवला. बंकटला कळलं तेव्हा त्यानं काठी आपटली, छातीवर हात मारून घेतला, गळ्याच्या भोकातून नुसती फसफस झाली. अंगद म्हणाला, "बरं आबा, ऱ्हायलं. तुमची मेंढरं, तुमचा जीव." बंकटनं पोराच्या तोंडावरून हात फिरवला. म्हाताऱ्याला खरंच वाटलं ते.

दोन-चार दिवस गेले. सकाळी कळप निघाला तसा अंगद आडवा आला.

"आबा, टेप लई हळू वाजायलीय. सेल उतरले असतील. द्या हिकडं, नवे टाकून आणतो."

बंकटनं पट्टा खांद्यावरून काढून त्याच्या हातात दिला. पोरगं आपल्या कामात लक्ष घालतंय म्हणून खुशीत टेकडीवर गेला. कळप वर चरत पांगला.

भर दुपारी टेकडीच्या पायथ्याला रामहरीची गाडी लागली. मेंढरं चढायला फळी टाकली. अंगदनं मला गाडीच्या टपावर ठेवलं आणि आवाज होता तेवढा मोठा केला. सेल खरोखरच नवे होते.

मी गायले. बटण दाबल्यावर मी दुसरं काय करणार? वरून मेंढरं सुटली. बंकट आधी उभा राहून बघत होता, अंगद नवे सेल टाकून आला असं वाटलं असेल. मग त्याला गाडी दिसली. तो पळाला. टाळ्या वाजवल्या, धोंडे फेकले, पुढची मेंढी पायाला धरून ओढली. ती हिसका देऊन सुटली. त्यानं तोंड उघडलं, मान ताणली, सगळा जोर लावला, आणि भोकातून वारा आला. मेंढरं त्याला ओलांडून त्याच्याच हाळीकडं निघाली होती. कोकरं सगळ्यांत पुढं. 'पळत ये', मी गात होते, 'मी वाट बघतेय.'

"वा रे वा!" रामहरी म्हणाला. "अशी गिऱ्हाइकी म्या कधी बघितली न्हाई. आपल्या पायानं चढायलेत!"

बंकट खाली पोचला तेव्हा फळी वर गेली होती. तो अंगदसमोर हात जोडून उभा राहिला. गळ्याच्या भोकाभोवती धूळ चिकटलेली.

"काय आबा?" अंगद म्हणाला. "नको असंल तर न्हाई म्हणा की. बोला. म्या काय तुमचं तोंड धरलंय?"

गाडी गेली. अंगदनं मला बंद केलं आणि टेप बापाच्या खांद्याला पुन्हा अडकवली, वर नीट पट्टा सरळ केला. घरी चतुराबाईनं पोराच्या थोबाडीत मारली. "बापाच्या गळ्यानं बापाचं वाटुळं केलंस रे मुडद्या!" तो गाल चोळत म्हणाला, "वाटुळं कावून? बसून खावा आता." पुढं ढाब्याच्या उद्घाटनाला त्यानं आईबापाला गाडी पाठवली. मटणाचं जेवण होतं. दोघं गेली नाहीत.

मला वाटलं, बंकट मला दगडानं ठेचील. मी वाट बघत होते, खरं सांगते. पण गरिबाला फोडून टाकणं परवडत नाही. त्याच्या तुकड्यातल्या ज्वारीला दाणा भरत आला होता, पाखरं पडायला लागली होती. त्यानं मला उघडलं, बोटानं फीत ओढत ओढत सगळी बाहेर काढली आणि बाभळीपासून खुंटापर्यंत ताणून बांधली. वारा आला की मी चकाकते आणि घुमते. ऐंशीच्या दशकातलं तरुणपण आता नुसतं घूंऽऽ करतं. बंकट बांधावर बसून असतो.

तुम्हाला एकच मागणं आहे. कुठून लांबून गोड हाक आली, तर बटणावर बोट कुणाचं आहे ते आधी बघा. पाखरं शहाणी आहेत. माझा आवाज आला की उडून जातात. मेंढरांना तेवढं जमलं असतं तरी पुष्कळ होतं.