चोवीस दोऱ्या

तुम्ही लेकरं अर्धी मोजलीत. चुकून नाही, घाईत नाही. खुर्चीवर बसून, चहा पिऊन, पेन्सिलीला टोक काढून मोजलीत. चोवीस जिवंत लेकरं समोर शेंबूड ओढत बसली होती आणि तुमच्या माणसानं रजिस्टरात बारा लिहिले. हा बाराचा आकडा तुमचा आहे, त्याला दुसरा बाप नाही.

आरमोरीच्या पल्याड, जंगलाला टेकून असलेल्या एका टोल्यावर, लहानशा वस्तीवर, यंदा सन सत्तावन्नात बालवाडी निघाली. बाई म्हणून नेमलं सुगंधाबाईला. गावातलीच, चौथी शिकलेली, नवरा वारल्यावर दुकानातल्या पुड्यांचे कागद वाचून वाचून अक्षर पक्कं केलेली. तालुक्याला महिनाभर शिकवलं आणि हातात एक पुस्तिका दिली. मूल कसं असतं ते त्या पुस्तिकेत लिहिलं होतं. मुलाला दोन हात असतात, दोन पाय असतात, वय तीन ते सहा असतं, आणि मूल एकटं असतं.

हे शेवटचं तिच्या टोल्याला लागू नव्हतं.

टोल्यावर मुलाच्या कमरेवर दुसरं मूल असतं. रोवण्याचे दिवस लागले की बाया पहाटे बांधीत, धानाच्या शेतात, उतरतात, चिखलात वाकून धान रोवतात, ते दिवस बुडेपर्यंत. आणि घरी पाच वर्षांची मंगली एक वर्षाच्या बिरजूला कमरेवर घेऊन गावभर फिरते. मंगली चालते ती एका अंगाला कलून. एकटी उभी राहिली तरी कललेलीच.

पहिल्या दिवशी चोवीस लेकरं आली, कमरेवर चोवीस तान्ही घेऊन. ज्याच्या घरी तान्हं नव्हतं त्याला शेजारणीनं आपलं दिलं होतं. सुगंधाबाईनं पुस्तिका उघडली. तीन वर्षांखालच्याला प्रवेश नाही. तिनं तान्ही बाहेर काढली. ती रडली, तशी आतली चोवीस उठून बाहेर गेली. खोलीत सुगंधाबाई आणि पुस्तिका उरली.

खोली मुखरू पाटलाची, धानाची रिकामी कोठी. तिच्या मागं छपरी होती. सुगंधाबाईनं मदतनीस रुखमाला हाताशी घेतलं, छपरीच्या आडव्या बांबूंना जुन्या लुगड्यांच्या चोवीस झोळ्या बांधल्या आणि प्रत्येक झोळीची अंबाडीची दोरी खिडकीतून आत घेतली. ज्याचं तान्हं, त्याच्या हातात त्याची दोरी. आत शिकायचं आणि ओढत राहायचं. रुखमा बाहेर झोळ्यांखाली बसायची आणि खिडकीतून ओरडायची, "अबे पोचू, तुही दोरी ढिली झाली! तुह्या बहिणीनं डोळे उघडले, पाह्य!"

आता एक हात दोरीला गेला, म्हणून सगळी बालवाडी एका हाताची करावी लागली. टाळ्यांच्या गाण्यात आपला एक हात आणि शेजाऱ्याचा एक, तेव्हा टाळी. करंजाच्या बिया ओवायच्या तर एकानं दोरा धरायचा, दुसऱ्यानं बी घालायची. भोपळ्याच्या तुंब्यातून लोट्यात पाणी ओतायचं तेही दोघांनी. मुलांना सहकार्य बालवाडीच्या पाचव्या महिन्यापासून शिकवावं, असं पुस्तिकेत होतं. इथं दुसऱ्या दिवशीच त्याच्यावाचून काही होईना. गाण्यांचंही तिला कळलं. गाणं जलद घेतलं की हात जलद चालतात, झोळ्या उडतात आणि बाहेर तान्ही दूध ओकतात. म्हणून पहिला तासभर संथ गाणी, चिंचोके मोजणं, मातीचे बैल. तान्ही झोपली की मग उड्यांचं गाणं. हे कोणत्याही पुस्तिकेत नाही. असायला पाहिजे होतं.

मग तपासणीचे साहेब आले.

"बाई, ही मुलं एकाच हातानं काय करतायत?"

"दुसरा हात कामात हाय साहेब. झोळी हलवून राह्यले."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही. छपरीकडं चिखल होता आणि बूट नवे होते. त्यांनी दोऱ्या मोजल्या, हात मोजले आणि पेन्सिल काढली.

"म्हणजे अर्धं मूल बालवाडीच्या बाहेर आहे."

"अर्धं कसं साहेब? अख्खं इथी बसलं हाय. पाय, ढुंगणासकट हाय."

"हात बाहेर, तर लक्ष बाहेर. अर्धी हजेरी. चोवीसचे बारा. वीसच्या खाली बालवाडी चालत नाही, बाई. आठ दिवसांनी येतो. वीस नाही भरली तर बंद."

"मंग बाहेरचे चोवीस बी अर्धे धरा ना. बारा अन् बारा."

"ती तीन वर्षांखालची आहेत."

खिडकीतून रुखमाचं डोकं आलं. "साहेब, मी तं पुरी बाहेर हाय. माही कितीक धरता?"

साहेब हसले नाहीत. सुगंधाबाईही हसली नाही. मागल्या रोवण्यात वारलूची दोन वर्षांची पोरगी बोडीत, शेताजवळच्या तळ्यात, बुडाली होती. सांभाळायला सहा वर्षांचा भाऊ होता, तो काठावर खेकडे धरत होता. त्यानंतर टोल्यानं बालवाडी मागितली. अर्जावर पहिला अंगठा वारलूचा. बालवाडी बंद झाली तर ही सगळी लेकरं पुन्हा त्याच बांधावर, त्याच पाण्याच्या कडेला. सुगंधाबाईनं हे साहेबांना उभ्यानं सांगितलं, आवाज न चढवता.

साहेब म्हणाले, "वाईट झालं. पण ती मुलगीही तीन वर्षांखालचीच होती ना?"

आठ दिवसांत सुगंधाबाईनं काय काय केलं म्हणता! दोरी हातातून काढून पायाच्या अंगठ्याला बांधली. हात मोकळे झाले, पण फेर धरला तशी चोवीस लेकरं एकमेकांवर पडली आणि बाहेर चोवीस झोळ्या एकदम उसळल्या. रुखमा किंचाळत आत आली, "बाई, आकाशात चालले लेकरं! काऊन अंगठे वढून राह्यले?" मग दोरी दातांत धरून पाहिली. गाणं बंद पडलं. शेवटी कमरेला बांधली. मूल पुढं डुललं की दोरी ताणली जाते, मागं झालं की सैल होते, झोळी आपोआप हलते. दोन्ही हात मोकळे, दोन्ही पाय मोकळे. मंगलीचं तर तिरपेपणच गेलं. भार कमरेवरून उतरला आणि नुसती ओढ राहिली.

साहेब आले. चोवीस लेकरं डुलत, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत गात होती.

"हे काय?"

सुगंधाबाई तोंड उघडणार तोच रुखमा खिडकीतून म्हणाली, "डुलणं हाय साहेब."

साहेबांनी पुस्तिका चाळली. 'तालबद्ध हालचाल' त्यांना सापडली. त्यांचा चेहरा उजळला. "उत्तम! असं काही मी तालुक्यात कुठंच पाहिलं नाही." आणि रजिस्टरात चोवीस लिहिले. तेव्हाही त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

त्या दिवशी वाटलं, बालवाडी वाचली. सुगंधाबाईनं रुखमाला गूळ दिला.

पंधरा दिवसांनी शेजारच्या गावची कलाबाई चालत आली. तीही बालवाडीचीच बाई. तिच्या हातात तुमचा छापील कागद होता.

"सुगंधे, हे काय खूळ काढलं वं तू? साऱ्या बालवाड्याईले हुकूम आला. सात हात दोरी, लेकराच्या कमरेले बांधा, दुसरं टोक खिडकीतून बाहेर सोडा, दोन वेळा डुलवा. बांधलं मी. डुलून राह्यले पोट्टे. दोन जण वकले. तुह्या दोरीच्या टोकाले काय हाय?"

"लेकरं."

"लेकरं?" कलाबाई मटकन खाली बसली. "कागदात तं लेकरं नाई लिहले."

"तुह्या दोरीले काय बांधलं?"

"काई नाई बाप्पा. दोन दिवस पोट्टे निस्ती खिडकी वढून राह्यले. काल तं चौकट ढिली झाली."

दोघी हसल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. तेवढ्यात दारात जीप उभी राहिली. तालुक्याला डुलवणारी बालवाडी पाहायला मोठे साहेब आले होते.

मोठ्या साहेबांचे बूट जुने होते. ते चिखलातून छपरीकडं गेले. झोळ्यांसमोर उभे राहिले. एका झोळीतून बिरजूनं पाय बाहेर काढला आणि साहेबांच्या टोपीला लावला.

"हे काय आहे?"

"लहानी लेकरं साहेब," सुगंधाबाई म्हणाली. "याईच्यासाठीच तं दोऱ्या हायेत."

"दोऱ्या मुलांच्या विकासासाठी आहेत. तसं परिपत्रक आहे. त्यांना ही ओझी कोणी बांधली?"

"आधी ओझंच होतं साहेब. दोरी मंग आली."

मोठ्या साहेबांना हे उद्धट वाटलं. हुकूम तिथंच झाला, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून : झोळ्या काढा, दोऱ्या ठेवा. तीन वर्षांखालचं एकही मूल आवारात दिसू नये. काढलेल्या झोळ्या परत बांधतील म्हणून शिपायानं चोवीस लुगडी गोळा केली, गठ्ठा बांधला आणि जीपमध्ये टाकला. त्यात रुखमाचं दुसरं लुगडं होतं. तिला तिसरं नाही. "साहेब, थे तं ठेवा," ती म्हणाली. शिपाई म्हणाला, पावती कार्यालयात मिळेल.

दुसऱ्या दिवशी मंगली दारात आली. कमरेवर बिरजू. तिनं आत लोंबणारी आपली दोरी पाहिली, बिरजूकडं पाहिलं.

"बाई, याले कुठी ठेवू?"

मंगली बांधाकडं निघून गेली, कलून. बाकीची आलीच नाहीत.

सुगंधाबाईनं अर्ज लिहिला. बालवाडीत एकही मूल नाही, झोळ्या परत करा, नाही तर बालवाडी बंद झाली असं तरी खरं लिहा. उत्तर म्हणून कारकून आला. रिकाम्या खोलीत उभा राहिला, बोटानं दोऱ्या मोजल्या आणि रजिस्टरात लिहिलं : हजर चोवीस.

"अहो, लेकरं कुठी हायेत?" सुगंधाबाई ओरडली.

"मुलं हलतात, बाई. मोजताना चूक होते. आता दोऱ्यांवर हजेरी धरायची, असं ठरलंय." तो तिचं सांत्वन करत होता. "काळजी करू नका. तुमची बालवाडी आता बंद पडूच शकत नाही."

झोळ्या नेल्याला आज बारावा दिवस, तरी ती उघडी आहे. बाई हजर, पुस्तिका हजर, चोवीस दोऱ्या हजर. बांध्या पाण्यानं भरल्या आहेत, बाया पलीकडच्या टोकाला वाकून रोवतायत, त्यांना इकडचं दिसत नाही. सुगंधाबाई दुपारी खोलीला कडी लावते आणि बांधाबांधानं हाका मारत फिरते. तिला एकटीला चोवीस ठिकाणी फिरता येत नाही.

तुमच्याकडं रजिस्टर आहे. त्यात नावं आहेत, आणि प्रत्येक नावापुढं तुमच्या माणसाच्या हातानं 'हजर' लिहिलं आहे. ते उघडा. मंगलीपासून सुरू करा, पोचूपर्यंत या, एक नाव सोडू नका. या घटकेला हे लेकरू कुठं आहे, त्याच्या कमरेवरचं कुठं आहे, ते प्रत्येक नावापुढं लिहून आज द्या. उद्या नाही. आज. कुठं आहेत?