मला धुराडं म्हणतात

मी भोसरीतल्या एका सरकारी कचेरीच्या डोक्यावरचा हवेचा मनोरा बोलतोय. कोणती कचेरी ते विचारू नका, उगाच कोणाची तरी बदली व्हायची. खरं तर आता बोलायचंही त्राण उरलेलं नाही. पण आज गप्प बसलो तर उद्या बोलायला तोंडच राहणार नाही.

माझं काम साधं आहे. खालच्या हॉलमध्ये उत्तरेकडच्या झाडांच्या सावलीतली हवा खिडक्यांतून आत येते. माणसांच्या गर्दीत ती तापते, वर चढते आणि माझ्या पोकळीतून बाहेर पडते. तिच्या जागी पुन्हा गार हवा येते. माझी दक्षिणेची बाजू काचेची आहे आणि तिच्यासमोरची आतली भिंत काळी रंगवलेली. ऊन जितकं कडक, तितका मी जोरात ओढतो. त्यासाठी वीज लागत नाही.

विजयश्री मॅडम इथे इंजिनिअर होत्या. माझा नकाशा त्यांचा. तो मंजूर करून घेताना त्यांच्या चपला झिजल्या. एका बैठकीत कोणीतरी म्हणालं, "मॅडम, एवढ्या खर्चात चार एसी बसतील." त्या म्हणाल्या, "बसतील, पण त्यांचं बिल दर महिन्याला येईल." त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं. तेव्हा मी फक्त कागदावर होतो.

मग मी उभा राहिलो आणि गावात कुजबुज सुरू झाली. ह्या कारखान्यांच्या पट्ट्यात उंच, चौकोनी, वर तोंड उघडं असलेलं काही दिसलं की ते भट्टीचंच, असं माणसं धरून चालतात. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनी आयुष्यभर तेच पाहिलं. मला कोणी 'हवेचा मनोरा' म्हटलंच नाही.

'धुराडं' हे नाव पाडलं सोपानरावांनी. जुन्या गावठाणातले म्हातारे गृहस्थ. शेती गेली, तिथे तीन मजले चढले, मजल्यांवर कंपनीतल्या पोरांना खोल्या भाड्याने दिल्या आणि स्वतः सोपानराव सगळ्यांत वर, पत्र्याच्या खोलीत राहायला गेले. नागरिकांच्या सभेत ते काठी टेकत उभे राहिले.

"साहेब, आमच्या गच्चीवं सून कुरडया वाळत घालती. तुमचं ह्ये धुराडं पेटलं म्हंजी काजळी कुनी खायाची?"

सभेत टाळ्या पडल्या. विजयश्री मॅडम हात जोडून म्हणाल्या, "आजोबा, ते धुराडं नाही हो. त्यातून धूर येणार नाही."

"आज न्हाई येनार. उंद्या?"

तक्रार नोंदवून घेतली गेली आणि सरकारी रिवाजाप्रमाणे झोपी गेली. पुढे मॅडमची चाकणकडे बदली झाली. मी राहिलो, माझं नवं नाव राहिलं.

नंतरची वर्षं काय सांगू? माणसांची मोठी गंमत असते. पंखा गरगरल्याशिवाय हवा आहे यावर त्यांचा विश्वास बसत नाही. कागद उडतात म्हणून खिडक्या लावायच्या, मग उकडतं म्हणून मला शिव्या द्यायच्या. माझ्यातून भरदुपारी हॉलभर उजेड पडतो, तरी सगळ्या ट्यूबलाइटा चालूच. माझ्या तोंडाशी हवा सोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आहेत, त्यांत कबुतरांनी संसार मांडले. कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स माझ्या काचेवर बांधला, तो पुढच्या वाढदिवसापर्यंत तसाच होता. मी श्वास ओढत राहिलो. थकायला होतं हो, न दिसणारं काम करताना.

हॉलमध्ये दाखल्यांच्या खिडकीवर सुमनताई बसतात. त्यांनी मात्र मॅडमचं ऐकलं होतं. रोज सकाळी आल्या की पर्स ठेवायच्या आधी त्या उत्तरेच्या खिडक्या उघडतात. त्यांच्यामुळेच मी टिकलो.

एका उन्हाळ्यात सोपानराव हयातीच्या दाखल्यासाठी आले. काम झालं तरी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तिसऱ्या दिवशीही, आणि मग दर उन्हाळ्यात येतच राहिले. बरोबर माझ्या खालच्या बाकावर बसायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे.

"आजोबा, आज कसलं काम?" सुमनताई चिडवायच्या.

"काम कशाला पायजे? आमच्या खोलीत पत्रा आग वकतोय. हिथं कसं गार वाटतंय. सरकारनं येक तरी बरं केलं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. नाही आला. दुपारी त्यांचा डोळा लागायचा आणि मी आणखी थोडा जोर लावायचो. माझ्या पोकळीखाली इतक्या निर्धास्तपणे दुसरं कोणी झोपलेलं नाही.

आणि आज. नव्या साहेबांनी सगळ्या जुन्या तक्रारी निकाली काढायचा हुकूम सोडलाय. सोपानराव नेहमीसारखे आले, तर सुमनताईंचा चेहरा उतरलेला.

"आजोबा, तुमची तक्रार मार्गी लागली."

"कंची?"

"धुराड्याची. गवंडी वर गेलाय. आज बंद करणार."

"मंग चांगलं झालं की! व्हती ब्याद."

"चांगलं कसलं, आजोबा? तुम्ही ज्या हवेत झोपता ना, ती त्याच्यामुळेच खेळते."

सोपानरावांनी मान वर केली. इतकी वर्षं ते माझ्याखाली बसले, पण वर कधी पाहिलं नव्हतं. "ह्येच त्ये?" एवढंच ते पुटपुटले. मग तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. तक्रार मागं घेतो म्हणाले. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नाही, आजोबा. नवीन द्या, बघू."

सुमनताईंनी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "मी निघालेच आहे. माझं साहेबांशी बोलणं होईपर्यंत मनोऱ्याचं तोंड बंद करू देऊ नका. एकदा आत माल ओतला की पट्ट्या कायमच्या जाम होतील." चाकणहून भोसरी. मोशीत गाड्या किती वेळ अडकतात, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

ते ऐकून सोपानराव काठी घेऊन जिन्याकडे वळले. गुडघे धरत, मजल्यामजल्याला थांबत ते गच्चीवर आले. धनेश गवंडी, लातूरकडचा, घमेल्यात माल कालवून तयार होता. माझी बरीचशी उंची खालच्या मजल्यांतून येते, गच्चीवर तोंड कमरेइतकंच वर आहे. म्हाताऱ्याने माझ्या तोंडाशी हात धरला आणि झटकन मागे घेतला.

"आरं, ह्यो तर आमचाच उबारा हाय! समदा हिकडनं जातोय व्हय?"

"बाबा, बाजूला सरका. सायबानं सांगितलंय, मी काय करू?"

"बाई येऊस्तवर थांब."

"माल घट्ट व्हायलाय, बाबा."

"व्हऊ दे."

आणि ते माझ्या कठड्यावर, तोंडाला पाठ लावून बसले. आता बसलेत ते तिथेच. डोक्यावर वैशाखाचं ऊन, गच्ची तापलेली, कपाळावरून घाम ओघळतोय. धनेश थापी हातात धरून सावलीला उभा आहे, घमेल्याकडे बघतोय. मॅडमची गाडी अजून दिसत नाही.

कोणी वर येत असाल तर येताना तांब्याभर पाणी आणा. खाली हॉलमध्ये मी ह्या माणसाला गारवा दिला. इथे वर माझ्याकडे गारवा नाही. आत्ता खालच्या सगळ्या गर्दीची गरम हवा मी त्यांच्याच पाठीवर सोडतोय, आणि मला ती थांबवता येत नाही.