लहान डोक्याची नोट

"आधी हात पूस, मग धर," गिदामिसकाका म्हणाले आणि पदराला हात पुसायचीही उसंत न देता त्यांनी माझ्या तळहातावर एक नोट ठेवली.

मी सफारी कॅम्पच्या स्वयंपाकाच्या तंबूत आमच्या माणसांसाठी मक्याच्या पिठाची उगाली घोटत होते. नोट शंभर डॉलरची होती, सपाट आणि कडक. काकांनी तिच्यावरून इस्त्री फिरवली होती, अजून कोमट लागत होती. चुरगळलेल्या नोटेला भाव कमी मिळतो, म्हणून त्यांनी तेवढी काळजी घेतलेली. मी एकदाच पाहिली आणि माझं तोंड कडू झालं.

"कुणी दिली?"

"पाहुण्यांतल्या त्या हार्लनसाहेबांनी. स्वतः आले कपड्यांच्या तंबूत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ही फक्त तुला, पेटीत टाकू नकोस. बघ ना, खरी आहे ना?"

"खरी आहे."

"मग तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

"काका, डोकं लहान आहे."

त्यांनी नोट माझ्या हातातून परत घेतली. आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही हे ठाऊक असतं. जुन्या डॉलरवरच्या माणसाचं डोकं लहान, नव्यावरच्याचं मोठं. लहान डोक्याची नोट जवळच्या कराटू गावातली बँक घेत नाही, दुकानदार घेत नाही, आणि बस-अड्ड्यावरचा दलाल तर हसून परत करतो. काकांनाही हे माहीत होतं. त्यांना ते दिसलं नव्हतं, एवढंच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि इस्त्री आता निव्वळ हातांच्या सवयीवर चालली होती. आमच्या इथली माशी वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांत अंडी घालते. शिवणीवरून इस्त्री नीट फिरली नाही, तर अळी माणसाच्या कातडीत शिरते. म्हणून काका प्रत्येक शिवण बोटांनी चाचपून पुन्हा दाबत. तरीही मागच्या महिन्यात एका बाईंचा रेशमी झगा जळलाच. आमच्या कॅम्पचा मॅनेजर गॉडलिसन तेव्हाच बोलला होता, आणखी एक कपडा जळाला तर सरळ गावाची वाट धरा.

मिशनच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर वर्षातून एकदाच येतात, पावसाच्या आधी. ते पुढच्या आठवड्यात येणार होते, आणि ऑपरेशनचे पैसे आधी भरायचे असतात. ती नोट म्हणजे काकांचे डोळे होते.

मला त्या हार्लनची खरी किळस आली ती याच घडीला. आदल्या दिवशी जेवणानंतर मी कॉफी ओतत होते तेव्हा तो शेजारच्या माणसाला सांगत होता, घरी कपाटाच्या खणात जुन्या नोटा पडून होत्या, बँकेत कोण खेटे घालणार, इथे बक्षिसी म्हणून छान खपतात, या लोकांना काय कळतंय. मला इंग्रजी बोलता येत नाही, पण कॉफी ओतून ओतून कळायला लागलंय. त्याची बायको हसली होती आणि मी तिच्या कपात साखर घातली होती.

"जा आणि बदलून माग," मी म्हणाले.

"हातात घेतली म्हणून सांगू? गॉडलिसन आजच हाकलेल." आमच्याकडे नियमच आहे, बक्षिसी जेवणाच्या तंबूतल्या लाकडी पेटीत पडली पाहिजे. हातात घेणारा चोर.

"मग काय, अशीच ठेवून देणार?"

काकांनी जरा विचार केला. "उद्या त्यांचे शर्ट परत जातील. खिशात काही सापडलं की आपण मॅनेजरसमोर परत देतो ना, तशीच देतो. ते समजतील. चुकून दिली असेल गं. देणारा माणूस आहे, दुसरी देईल."

"चुकून!" मी उगालीत डाव असा आपटला की गोळा उडून माझ्या पायावर पडला.

"तू माणसाला आधीच पापी ठरवतेस, पास्कलची आई."

"मी नाही ठरवत, ते कॉफी पिताना आपापलं ठरवतात."

पण कॉफी ओतताना ऐकलेलं सांगायला माझी जीभ रेटेना. काका नोट दुमडायला गेले आणि घडी पडेल म्हणून तशीच तळहातात धरून निघून गेले.

सकाळी पाहुण्यांच्या निरोपाचा तमाशा. ते निघण्याआधी आम्ही सगळे रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत गातो, कंबर हलवतो. घरी कुणाचं लग्न असो की मयत, गाणं तेच आणि हसूही तेच. पेटी टेबलावर मधोमध असते, म्हणजे नाचताना आमचे डोळे तिच्यावर आणि पाहुण्यांचे आमच्यावर. इतक्या वर्षांत सवय व्हायला हवी होती, पण मला अजूनही नाचून झाल्यावर चूळ भरावीशी वाटते.

गाणं संपलं तसे काका घडी केलेले बाकीचे शर्ट घेऊन पुढे आले; हार्लनच्या अंगातला त्यांनी पहाटेच नेऊन दिला होता. वर एक पाकीट होतं. गॉडलिसन शेजारीच उभा होता.

"साहेब, हे तुमच्या खिशात होतं," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी रात्रभर पाठ केलं असणार.

हार्लनने पाकीट उघडलं. नोट पाहिली, मग काकांकडे पाहिलं. मी कॉफीचं भांडं घेऊन दोन हात अंतरावर उभी होते. त्याची मान कॉलरपासून कानापर्यंत लाल झाली. त्याला कळलं होतं, अगदी पुरतं कळलं होतं. काका मान वर करून वाट पाहत होते, समोर नुसता धुरकट ठिपका दिसत असताना.

आणि मग तो माणूस वळला.

"बघा!" नोट उंच धरून तो बाकीच्या पाहुण्यांना म्हणाला. "शंभर डॉलर! मी खिशात विसरलो होतो. गरीब माणूस, पण त्याने परत आणून दिले!" असा प्रामाणिकपणा त्याच्या देशात शोधून सापडत नाही, असंही काहीसं बोलला. त्याच्या बायकोने डोळे टिपले. त्याने काकांच्या गळ्यात हात टाकला, फोटो काढून घेतला. मग सगळ्यांना दिसेल अशी ती नोट त्याने पेटीच्या फटीतून आत सोडली. आयजीच्या जिवावर बायजी उदार! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आमच्या माणसांनीसुद्धा. माझ्या हातात भांडं होतं ते बरं झालं.

गाड्यांची धूळ बसली तशी गॉडलिसनने पेटी उघडली. त्याने ती नोट उजेडात धरली आणि ओठ मुडपून हसला.

"गिदामिसकाका, ही तुमचीच. मानाची. या खेपेचा तुमचा सगळा वाटा यातच आला, हां."

"ही चालत नाही, तुला माहीत आहे," मी म्हणाले.

"पाहुण्याने दिली तशी मी वाटली. मी काय घरी छापतो?"

"मग ती तू ठेव. तुझं डोकं मोठं आहे ना, तुझ्याकडे चालेल."

"तू तुझी चूल सांभाळ, पास्कलची आई. तोंड चालवायला इथे पगार मिळत नाही."

बाकीचे आपापले वाटे खिशात घालून बुटांकडे बघत उभे होते. त्यांचीही मला किळस आली. मी पुढे काही बोलणार तोच काकांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे गं."

संध्याकाळी मी माझा वाटा त्यांच्या अंथरुणावर नेऊन ठेवला, तर सकाळी तो माझ्या पिठाच्या डब्यावर होता. "पास्कलला शाळेत बूट लागतात," एवढंच म्हणाले. डॉक्टर आले आणि गेले. मग पाऊस लागला, कॅम्प बंद झाला.

पावसानंतर पुन्हा तंबू ठोकले, तेव्हा पहिल्याच गाडीतून एक खोकं आलं. आत चौकटीत बसवलेला मोठा फोटो होता, खाली पितळी पट्टीवर कोरलेलं, 'प्रामाणिक गिदामिस'. टपालखर्चाचा आकडा खोक्यावर छापला होता. तेवढ्यात एक डोळा तरी झाला असता. गॉडलिसनने फोटो पेटीच्या वर, पाहुण्यांना आल्या आल्या दिसेल असा टांगला. म्हणाला, पाहून त्यांचे हात सैल सुटतील.

सगळे गेल्यावर काका आले. तंबूच्या दोरीला हात लावत लावत, पावलं मोजून टाकत. आता त्यांच्याकडे फक्त चादरी आणि टॉवेल दिले होते, जळले तरी फार बिघडत नाही असे. फोटोच्या काचेला नाक टेकेपर्यंत ते जवळ गेले.

"काय आहे गं यात?"

"तुम्ही आहात. आणि तो."

"हसतोय?"

"सगळे दात काढून." मला तो फोटो चुलीत घालावासा वाटत होता आणि तसं मी बोललेही.

काकांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांचं बोट काचेवरून हळूहळू सरकत होतं, शिवण चाचपतात तसं.

"त्याने अंगात घातलाय तो शर्ट माझ्याच हातचा. त्या सकाळचा," ते म्हणाले. "कॉलर नीट बसलीय का? त्या नोटेच्या नादात जरा घाईत केली होती."

मी पुढे होऊन पाहिलं. हार्लनच्या लाल मानेभोवती कॉलर कशी बसली होती, दोन्ही टोकं सारखी, कुठे एक सुरकुती नाही.

"बसलीय, काका. अगदी नीट."

"हं," ते म्हणाले, आणि इस्त्रीत घालायला निखारे मागायला माझ्याबरोबर चुलीकडे आले.