शून्य वर्षांचं बाळ

बाळ शेवटी आईच्या कुशीत गेलं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. डॉक्टरीणबाईंनाही ते तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा बाळ काचेच्या पेटीत होतं आणि सलाइन टोचलेला हात उगारून सगळ्या वॉर्डाला शिव्या घालत होतं. बाळंतपणात आईला ताप होता. बाळाच्या रक्तात जंतू शिरले असतील, या शंकेनं रक्त तपासायला दिलं होतं आणि अँटिबायोटिक सुरू केलं होतं. शंका फिटली की औषध बंद, सलाइन बंद, बाळ आईकडे. पलीकडच्या खोलीत आई त्याच्याच वाटेकडे डोळे लावून पडली होती.

अहवाल आला. प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे जंतुसंसर्गात रक्तात वाढणारं एक द्रव्य, वाढलेलं. पुढे लाल बाण. वर वय: एक वर्ष.

"हे कालच जन्मलंय," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या.

"शून्य टाकलं की संगणक घेत नाही, मॅडम," प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ म्हणाला. "वय भरा, वय भरा करत बसतो."

"मग दिवसांत भरा."

"दिवसांचा रकाना काढला. कुणी भरतच नव्हतं."

"अहो, जन्मल्यावर एक-दोन दिवस हे सगळ्याच बाळांचं वाढतं. त्यांची मोजपट्टीच वेगळी. तुमच्या पट्टीनं ठणठणीत बाळही आजारी निघेल."

"मग मी काय करू? बाळाला वाढवू?"

मोठ्या सरांनी बाण पाहिला आणि चालता चालताच आठवडाभर औषध चालू ठेवायला सांगितलं. आठवडाभर बाळ पेटीत, आई पलीकडे.

आजोबा दारातच उभे होते. "डॉक्टर, बाण वर का?"

"आजोबा, संगणकात तुमच्या नातवाचं वय एक वर्ष पडलंय."

आजोबांनी पेटीत निरखून पाहिलं. "त्या मानानं अंगानं फारच बारीक आहे हो."

डॉक्टरीणबाईंचा कपाळावर हात मारायचा राहिला, कारण हात नुकतेच धुतले होते. त्या नवजात बाळांचा तक्ता घेऊन सरांच्या मागे जिन्यापर्यंत धावल्या. तिथे सरांनी तो पाहिला, मग पुन्हा पाहिला, आणि कल्चरचा, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का या तपासणीचा, निकाल येईपर्यंत थांबू म्हणाले. रक्ताच्या बाटलीत जंतू उगवले नाहीत, सीआरपी हे संसर्गात वाढणारं दुसरं द्रव्य दोनदा तपासूनही कमीच आलं, बाळ दुधावर तुटून पडत होतं. औषध बंद झालं. आईनं बाळ घेतलं ते इतकं घट्ट, की सुट्टीच्या कागदावर त्याच्या पायाचा ठसा घ्यायला पाय सापडेना.

मग संगणकानं सुट्टी अडवली. एक वर्षाच्या मुलाच्या वर्षभराच्या लसी कुठे आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिथेच अर्ज टाइप केला:

"विनंती की, शून्य हे वय मान्य करावे. ते तांत्रिकदृष्ट्या शक्य नसल्यास, बाळ एक वर्षाचे झाल्याखेरीज प्रसूत होऊ नये, असे लेखी आदेश सर्व गरोदर मातांना तातडीने द्यावेत व त्याची एक प्रत बाळांनाही पाठवावी."