लांब शेपटीची आमरी

"शेपटी बघितलीस का? फुलाच्या मागे असते!" बांधावरून कुमार ओरडले.

घोट्याएवढ्या पाण्यात, साडी वर खोचून सुनंदा वाकली होती. गवतातल्या पांढऱ्या आमरीची, त्या रानटी ऑर्किडची, शेपटी चांगली बोटभर लांब होती. म्हणजे हीच ती! कुमार कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. पळस्प्याच्या या पाणथळ माळावर तरुणपणी त्यांना ती एकदाच दिसली होती, आणि कुणी म्हणून विश्वास ठेवला नव्हता. 'पायाखाली पाणी आणि डोक्यावर ऊन, एवढंच मागते बिचारी. खालून वर उमलत जाते. एकेक फूल आठवडाभर टिकतं, मग सुकतं.' हे सगळं सुनंदाला लग्नापासून तोंडपाठ. काचबिंदूने त्यांचे डोळे गेले, तरी भादव्यातली ही फेरी चुकली नाही. आता डोळे तेवढे सुनंदाचे.

पण आज तिचं डोकं फिरलं होतं. आठवडाभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये 'होल्ड करा, होल्ड करा' करून घसा बसलेला, घरी नणंद शांती जेवायला येणार, आणि 'हो' म्हटलं की हे महाशय चिखलात बसकण मारणार ते दिवेलागणीपर्यंत!

"आखूड आहे. नेहमीचीच," ती म्हणाली.

कुमारांचा चेहरा पडला. मग त्यांनीच स्वतःला सावरलं. "चल तर. शांती खोळंबली असेल."

जेवताना ते बहिणीला सांगत होते, "नाही सापडली. सुनंदाने बघितलं म्हणजे प्रश्नच मिटला. माझे डोळे होते तेव्हासुद्धा तिचीच नजर पक्की."

सुनंदाने हातातला घास ताटात परत ठेवला. काय केलंस हे, बये? न दिसणाऱ्या माणसाला फसवलंस, तेही स्वयंपाकाला उशीर नको म्हणून! शरमेने तिला शांतीकडे बघवेना.

सकाळी तिने रजा टाकली. "अहो, चला. मला परत एकदा बघायचंय."

कुमार लगेच चपला शोधायला लागले.

माळावर पोचले तर गावातली हौसाबाई गुरांसाठी गवत कापत होती. अर्धा माळ साफ. सुनंदा ओरडतच धावली, "अहो हौसाबाई, थांबा, थांबा!"

"काय झाला बाय? काय हरवला काय?"

"इथे पांढरं फूल होतं हो!"

"फुलां लय असतान. आमी काय बघतो? त्या भाऱ्यान असंल तं बघ."

सुनंदाने भारा सोडला. पात्यांनी हात चिरले, पण तिने सगळं गवत उपसलं. तळाशी तो दांडा होता, बुडातून कापलेला. तिने तो आणून कुमारांच्या हातात दिला.

त्यांची बोटं वरच्या ताज्या फुलावर गेली, मागच्या शेपटीवरून हळूच खाली सरकली.

"अगं, हीच! हीच गं ती!" त्यांचा आवाज फुटला.

मग अंगठा दांड्यावरून खाली आला. खालची दोन फुलं सुकली होती. तिथे तो थांबला.

सुनंदाला रडू फुटलं. "अहो, काल मी..."

"काल उमलली नसेल गं," कुमार म्हणाले. "आज पहाटेच उमललेली दिसतेय."

अंगठा अजून त्या सुकलेल्या फुलांवरच होता.