ऑर्विलचा टब आणि डनबीची हद्द

ही गोष्ट तुम्हाला पटायची नाही. ओक्लाहोमात वादळात उडालेल्या गाईंच्या गोष्टी लोक नाश्त्याबरोबर पचवतात, पण ही आमच्या डनबीतही कुणाला पचली नाही. परवा हॉटेलात सांगत होतो, तेव्हा काउंटरमागे खुद्द ऑर्विल टीगची मुलगी रमोना कॉफी ओतत होती.

ऑर्विलनं जन्मभर लोकांचे पंप दुरुस्त केले आणि त्याच्याच विहिरीला गंजकं पाणी लागलं. एवढं दाट, की पेल्यात चमचा उभा राहायचा! बायको इडेल अंथरुणाला खिळलेली. तिचं एकच मागणं होतं, "घरच्या टबात, तळ दिसेल अशा पाण्यात एकदा बसू दे मला."

डनबी शहराचा नळ हवा तर जमीन शहराच्या हद्दीत हवी. ऑर्विलनं आनंदानं संमती लिहून दिली. पण जमीन हद्दीला चिकटलेली लागते, आणि मधे होता शेजारी व्हर्जिल स्टब्सचा जमिनीचा पट्टा. ट्रक जेमतेम वळेल एवढा.

"सही कर की रे, व्हर्जिल."

"आज सही करून हद्दीत आलो की उद्या गवत वाढलं म्हणून शहराची नोटीस. कोंबडा आरवला की दंड!"

"तुझ्या कोंबड्याचा दंड मी भरतो."

"आणि परसात बंदूक उडवायची नाही? हट्!"

"इडेलसाठी तरी?"

"तिच्यासाठी प्रार्थना करतो ना रोज. सही नाही."

ऑर्विल नगरसभेत गेला. विहिरीच्या पाण्याची बरणी महापौरबाईंपुढे ठेवून म्हणाला, "घ्या, प्या."

बाईंनी बरणी उजेडात धरली. "वाईट वाटतं हो, ऑर्विल. पण मालकाच्या संमतीशिवाय आम्ही वीतभरही जमीन घेत नाही."

"अहो, मी देतोय ना संमती!"

"तुमची आहे. व्हर्जिलची हवी."

बोलायची वेळ संपल्याची घंटा वाजली. दर महिन्याला हेच. तीच बरणी, तीच घंटा.

मग एप्रिलात वादळ आलं. केकचा तुकडा उचलावा तसा त्यानं व्हर्जिलचा पट्टा अलगद उचलला आणि ऑर्विलच्या शेतापलीकडे नेऊन ठेवला. वर कोंबडा आरवतोच आहे! सकाळी पाहतो तर ऑर्विलचं कुंपण शहराला टेकलेलं. महापौरबाई झोपायच्या झग्यावर बूट चढवून धावत आल्या. नळ आला. इडेल गळ्यापर्यंत पाण्यात बसली, आणि पाणी असं नितळ, की तिला स्वतःच्या पायाची बोटं दिसत होती.

रमोनानं कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"काका, वादळ मानलं. कोंबडाही मानला. पण आई टबात बसली, हे खोटं. नळ आलाच नाही. बाबा गावातून कॅन भरून आणायचे आणि मी तिला ओल्या फडक्यानं पुसायचे. शेवटच्या दिवशीसुद्धा फडक्यानंच पुसलं."